घडीचं स्टूल

ताई कामाला निघते तेव्हा तिच्या खांद्याला पर्स असते आणि काखेत घडीचं स्टूल. ॲल्युमिनियमचे पाय, वर निळ्या कॅनव्हासची पट्टी, आणि एका पायाचं रबरी बूच हरवल्यामुळे तिथे औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलेलं. अनोळखी माणसाला वाटतं, बाई गळ टाकून मासे पकडायला निघाल्या. बाई निघालेल्या असतात छोट्या दुकानदारांची सोशल मीडियावरची पेजं सांभाळायला. आता त्याला फोन लागतो, फार तर लॅपटॉप लागतो, स्टूल कशाला? प्रत्येक नवा दुकानदार हे विचारतो आणि ताई प्रत्येकाला एकच उत्तर देते, "तुमच्याकडे जास्तीची खुर्ची असेलच असं नाही ना."

खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

पूर्वी ताई एका जाहिरात कंपनीत होती. चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, काचेच्या भिंती, आणि तिच्या वाट्याला चौदा दुकानं. त्यातलं एकही तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सगळ्यांची वाक्यं एका तक्त्यात आधीच भरलेली असायची. 'तुमचं समाधान हाच आमचा आनंद' हे एकाच सकाळी नऊ दुकानं म्हणायची, आणि कुणाचंच समाधान व्हायचं नाही. एकदा घाईत तक्त्यातली ओळ सरकली आणि केस कापणाऱ्याचं वाक्य दाताच्या डॉक्टरांच्या पेजवर गेलं: 'आमच्या खुर्चीत एकदा बसलात की पुन्हा पुन्हा यावंसं वाटेल!'

लोक आठवडाभर हसत होते. कंपनीने पोस्ट पुसली, डॉक्टरांना एक छापील माफीपत्र पाठवलं आणि विषय संपवला. ताईला मात्र चैन पडेना. ती रजा टाकून स्वतः डॉक्टरांकडे गेली. तिथे गर्दी होती, म्हणून दोन तास बाकावर बसावं लागलं, आणि दार किलकिलं असल्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर सुई टोचायच्या आधी प्रत्येकाला सांगत होते, "छतावर मासे काढलेत, ते मोजा. चुकीचा आकडा सांगितलात तर दुखेल." मोठमोठे मिशीवाले बाप्ये तोंड वासून इमानदारीत मासे मोजत होते. ताईने माफी मागितली, घरी आली आणि त्या माशांवर सहा ओळी लिहिल्या. महिनाभर लोक डॉक्टरांना फोन करून विचारत होते, "ते मासे किती आहेत हो?" त्याच महिन्यात ताईने काचेचं ऑफिस सोडलं आणि स्टूल विकत घेतलं.

तेव्हापासून तिची रीत ठरलेली आहे. नवं दुकान घेतलं की तीन दिवस त्या दुकानात कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचं. फोन बंद, मांडीवर वही. दुकानदाराला प्रश्न कमीत कमी विचारायचे, कारण विचारलं की माणूस मुलाखत द्यायला लागतो आणि सरळ बसतो. किल्ल्या बनवणारा नवी किल्ली हातात देण्याआधी तिच्यावर हलकी फुंकर मारतो, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. इस्त्रीवाली बाई खिशात सापडलेल्या चिठ्ठ्या न वाचता पाकिटात घालते आणि पाकिटावर नुसतं 'तुमचं' लिहिते, हेही कुणी जाहिरातीत सांगितलं नसतं. ताईने सांगितलं, आणि लोक आपापली पाकिटं घेऊन फोटो टाकायला लागले.

तीन दिवस झाले की पोस्ट लिहायची आणि ती सासूबाईंना वाचून दाखवायची. ही परीक्षा अवघड. सासूबाईंचं वय ऐंशीच्या घरात; गुडघ्यांमुळे त्या जिना उतरत नाहीत, पण जीभ अजून टुणटुणीत आहे. ताईने दुकानाचं नाव न सांगता नुसतं वाचायचं आणि सासूबाईंनी ओळखायचं, बोलणारा कोण. "हा किल्लीवाला," असं त्या चटकन म्हणाल्या तर पोस्ट पास. "हा कोणीही असेल गं," म्हणाल्या तर कागद फाडायचा. यात वशिला चालत नाही. ताईच्या नवऱ्याने एकदा मध्ये तोंड घातलं, "आई, पण छान आहे ना?" तर त्याला उत्तर मिळालं, "छान सगळंच असतं रे. कोणाचं आहे ते सांग."

अशी नऊ दुकानं झाली. मग एका मुलीचा फोन आला.

"ताई, माझे बाबा बॅगा दुरुस्त करतात. जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. समोर नव्या बॅगांचं मोठं दुकान झालंय, तर आता कोणी दुरुस्तीला येत नाही. बाबा दिवसभर एकटेच बसतात. माझे मिस्टर म्हणाले, आमच्याकडे राहायला या. बाबा म्हणाले, शाळा सुरू होईपर्यंत दुकानातली फळी बॅगांनी भरली तर ठीक, नाहीतर बोर्ड उतरवतो आणि येतो. हो म्हणाले हो ते. पण त्यांचं 'हो' मला कळतं ना. बोर्ड उतरला तर माणूस उरणार नाही."

शाळा सुरू व्हायला पाच आठवडे होते.

बॅगवाल्या काकांचं दुकान म्हणजे आठ फूट रुंद खोली. एका बाजूला शिलाई मशीन, मेणाचा दोरा, दाभण, डब्यांत सुटी बक्कलं आणि चेनचे रनर. दुसऱ्या बाजूला तयार बॅगा ठेवायची लांब फळी, आणि तिच्यावर त्या दिवशी होत्या दोन दप्तरं आणि भरपूर धूळ. काका अंगाने काटक, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. ताईने स्टूल उघडलं तेव्हा त्यांनी त्याच्या पायाचं औषधाचं झाकण वाकून पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

ते बोलतच नव्हते. सोमवारी एक बाई चाकांची बॅग घेऊन आल्या, "काका, चेन तुटली." काकांनी बॅग पाहिली आणि म्हणाले, "गुरुवारी या." मंगळवारी एक विद्यार्थी पट्टा तुटलेलं दप्तर घेऊन आला. "गुरुवारी या." बुधवारी तर कोणीच आलं नाही, त्यामुळे काका तेवढंही बोलले नाहीत. ताईने शेवटी आपला नियम मोडला आणि विचारलं, "काका, ती वरच्या फळीवरची तपकिरी बॅग कोणाची?" अगदी वर, छताजवळ एक जुनी चामड्याची बॅग होती, आणि सगळ्या दुकानात तेवढीच पुसलेली होती.

काका म्हणाले, "आहे एक."

तीन दिवसांत वहीत पानभर मजकूर नाही. पाच आठवड्यांतले तीन दिवस गेलेले. मूग गिळून बसलेल्या माणसाच्या तोंडून काय लिहायचं? चौथ्या दिवशी ताई घरीच खिडकीशी बसली आणि इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते तिने केलं. तिने काकांच्या वतीने स्वतःच बोलायला सुरुवात केली.

'माझ्या वडिलांची एक तपकिरी बॅग होती,' तिने लिहिलं. 'ते कामावरून आले की ती दाराशी ठेवायचे. त्यांनी बूट काढेपर्यंत मी तिच्यात हात घालून खाऊ शोधायचो. सापडला नाही तर ते म्हणायचे, नीट बघ, तळाशी असेल. ती बॅग आजही माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे. तिच्यावरच मी पहिला टाका घालायला शिकलो. तुमचीही बॅग आणा. तिच्या तळाशी काय आहे ते मला कळतं.'

सासूबाईंना वाचून दाखवलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"ते नाही विचारलं, आई. कोण बोलतंय?"

"तूच की. तुझ्या वडिलांची बॅग ही. लग्न ठरलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितली होतीस मला ही गोष्ट. दाराशी ठेवायचे, तळाशी बघ म्हणायचे."

ताई म्हणाली, "काका बोलत नाहीत हो. कुणीतरी बोलायला नको का? त्यांचं दुकान जाईल."

"मग माझी परीक्षा कशाला घेतेस? टाक जा," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला.

ताईने पोस्ट टाकली. उभ्या आयुष्यात तिची एवढी चाललेली पोस्ट नसेल. लोकांनी ती भावाबहिणींना पाठवली, खाली आपापल्या वडिलांबद्दल लिहिलं. फळीवर दोनाच्या सात बॅगा झाल्या, साताच्या पंधरा. मुलीने फोनवर रडून आभार मानले. ताईने त्याच आवाजात आणखी दोन पोस्टी लिहिल्या, आणि खरं सांगायचं तर तिला त्या लिहायला फार बरं वाटलं, कारण तिचेही वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. काका यातलं काही वाचत नव्हते. त्यांचा फोन सुट्या बक्कलांच्या डब्यात पडून असायचा.

शाळा सुरू व्हायला दोन आठवडे उरले असताना, एका सोमवारी, ताई दुकानात फोटो काढत होती. एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या, दोन बस बदलून आलेल्या. त्यांच्या हातात काळी, कडक चामड्याची बॅग होती, हँडल एका बाजूने निखळलेलं. त्यांनी ती लगेच दिली नाही. छातीशी धरून म्हणाल्या, "ही माझ्या वडिलांची. कोणालाच देत नव्हते मी. तुमचं वाचलं आणि वाटलं, याच माणसाला द्यायची. आधी तुमच्या वडिलांची बॅग बघू दे ना मला. मग देते."

काकांनी शिवण थांबवली. "माझ्या वडिलांकडे बॅग नव्हती."

"मग ती वरची?"

"गिऱ्हाइकाची आहे. सहा वर्षं झाली. न्यायला आले नाहीत."

बाईंनी फोन काढला, पोस्ट शोधली आणि मोठ्याने वाचून दाखवली, अगदी 'तळाशी असेल' पर्यंत. काका ऐकत राहिले. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे हे तुमचं नाही?" काकांनी नकाराची मान हलवली. बाईंनी स्टूलवर बसलेल्या ताईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. तुटलेल्या हँडलची बॅग दोन्ही हातांनी उचलून पायरी उतरून गेल्या.

ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती म्हणाली, "काका, चुकलं माझं. फार चुकलं. काय करू सांगा."

काकांनी मशीनचं चाक फिरवलं. "गुरुवारी या," ते म्हणाले.

इथे ताईच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. तिचे ते तीन दिवस होते सोमवार, मंगळवार आणि बुधवार. ज्या माणसाच्या तोंडी एकच वार होता, त्याच्या दुकानात ती नेमकी त्याच वारी आली नव्हती. चौथ्या दिवशी ती घरी बसून त्याचं आयुष्य रचत होती.

गुरुवारी ती दुकान उघडायच्या आधीच हजर झाली. त्या दिवशी काकांनी मशीनवर कापड टाकून ठेवलं. गुरुवारी ते नवं काम घेत नाहीत, फक्त देतात. पहिलं गिऱ्हाईक आलं, घाईतले एक गृहस्थ. काकांनी त्यांची बॅग फळीवरून काढली आणि सरळ हातात दिली नाही. आतलं अस्तर बाहेर ओढून पिशवीसारखी उलटी केली. बाहेरून काळ्या दोऱ्याचा टाका दिसतही नव्हता. आतून मात्र तो लाल दोऱ्याचा होता, मुद्दाम, कुठे फाटलं होतं आणि कुठे शिवलंय ते डोळ्यांत भरावं म्हणून. काकांनी गिऱ्हाइकाचा हात धरून त्या लाल शिवणीवर ठेवला आणि म्हणाले, "ओढा."

गिऱ्हाइकाने जरासं ओढलं.

"जोरात."

ते गृहस्थ दात-ओठ खाऊन ओढायला लागले. टाका हलला नाही. काकांनी बॅग सुलटी करून दिली आणि पुढच्या माणसाकडे वळले. दिवसभर हेच चाललं. एका दप्तराचा टाका मात्र ओढल्यावर उसवला. काकांनी लाजही वाटून घेतली नाही आणि कारणंही दिली नाहीत. दप्तर परत फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारी."

ताई स्टूलवर बसून बघत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. इतकी वर्षं लोकांना 'खरं वाटेल' असं लिहिण्यात ती तरबेज झाली होती, आणि हा माणूस प्रत्येकाला आतली बाजू दाखवून ओढून बघा म्हणत होता.

दुपारी तिने तिथेच बसून लिहिलं. 'बॅगवाल्या काकांच्या नावाने आजवर आलेल्या तीन पोस्टी मी लिहिल्या आहेत. मी त्यांचं पेज सांभाळते. गोष्टीतली तपकिरी बॅग माझ्या वडिलांची होती, काकांच्या वडिलांची नव्हे; फळीवरची आहे ती गिऱ्हाइकाची. दाराशी ते ठेवायचे, खाऊ मी शोधायची. काकांच्या वडिलांकडे पिशवी होती की काय होतं, हे मी विचारलंच नाही. काका दिवसभरात जेमतेम दोन शब्द बोलतात. सोमवार ते बुधवार "गुरुवारी या" आणि गुरुवारी "ओढा". हा त्यांच्या शिवणीचा आतला फोटो. जी बाई दोन बस बदलून आली आणि बॅग परत घेऊन गेली, तिची मी माफी मागते.' खाली तिने स्वतःचं नाव घातलं.

आधी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी नुसती मान डोलावली. मग टाकलं.

मुलीचा फोन तासाभरात आला. "ताई, कशाला सांगितलंत हो? चाललं होतं ना सगळं? लोक आता बाबांनाच खोटं म्हणतील. दोन आठवडे राहिले होते फक्त!" काही लोकांनी खरंच वाईट लिहिलं. पुढच्या तीन दिवसांत नवी बॅग एकच आली, आणि गुरुवारी तयार बॅगा लोक घेऊन गेल्यामुळे फळी निम्मी रिकामी झाली. बोर्ड उतरवायला लागणारा स्क्रूड्रायव्हर काकांनी मशीनच्या खणात शोधून वर काढून ठेवला, हे ताईने पाहिलं. ती तरी रोज येत राहिली. काकांना चहा आणून द्यायची आणि कोपऱ्यात बसायची. तिने एक शब्द लिहिला नाही.

चौथ्या दिवशी त्या माफीखाली एक प्रश्न आला. शिक्षिकाबाईंचाच.

'मग त्यांच्या वडिलांकडे काय होतं?'

ताईने तो काकांना वाचून दाखवला. तिला वाटलं, एका शब्दात उत्तर देतील आणि काम करत राहतील. काकांनी चष्मा वर केला. बक्कलांच्या डब्यातून स्वतःचा फोन काढला, तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "कुठे लिहायचं ते दाखवा."

तिने जागा दाखवली. ते एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते. काना सापडेना, मग सापडला. तिला चार वेळा वाटलं की फोन आपल्या हातात घ्यावा. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. पंधरा मिनिटांनी काकांनी फोन परत डब्यात टाकला आणि दोरा ओवायला घेतला. ताईने आपल्या फोनवर वाचलं:

'कापडी पिशवी होती. तिच्यात माझ्या चपला असायच्या. मी त्यांच्या खांद्यावर असायचो.'

त्यानंतर काय झालं ते ज्याला फोन वापरता येतो त्याला सांगायला नको. पण ताईला जे आठवतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शिक्षिकाबाई आल्या, त्यांनी ती काळी बॅग काउंटरवर ठेवली आणि हात काढून घेतला. काका म्हणाले, "गुरुवारी या." बाई म्हणाल्या, "येते."

शाळा सुरू झाली त्या सकाळी फळीवर जागा नव्हती. तीन दप्तरं मशीनखाली ठेवावी लागली होती. मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, आजोबांचं हे मला कधी माहीतच नव्हतं. बाबांना सांगा, बोर्ड राहू दे." काकांनी निरोप ऐकला, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्टूलच्या पायाचं औषधाचं झाकण काढून तिथे नवं रबरी बूच ठोकून दिलं. मग ताईकडे बघून म्हणाले, "ओढा." तिने ओढून बघितलं. पक्कं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने सासूबाईंना त्या तीन ओळी वाचून दाखवल्या. कोणाच्या ते सांगितलं नाही. सासूबाईंनी काकांना कधी पाहिलेलं नव्हतं आणि त्यांच्या तोंडचा शब्द कधी ऐकलेला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"हा बॅगवाला," त्या म्हणाल्या. "बोलायला लागला का?"

"हो," ताई म्हणाली.